शिडाची बोट आणि तिचं बोटपण



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून तिघाचौघांनी मला फोन केला. "सर, तुमच्या नावापुढं हा शिडाच्या बोटीचा विषय चुकून छापलाय का?" चुकून नाही. मी सांगलीत आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, समुद्र पाहिला तो सहलीपुरता, आणि पोहणं म्हणाल तर कृष्णेच्या घाटावर जेवढं शिकलो तेवढंच. तरीही हा विषय मीच मागून घेतला. का, ते ओघानं येईलच.

आपण साताऱ्यात बसलोय. इथून समुद्र पाहायचा तर सह्याद्री उतरून कोकणात जावं लागतं. पण भारतीय माणसानं एकट्यानं शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही कल्पना ज्या माणसानं धरून ठेवली तो याच जिल्ह्यात, फलटण तालुक्यातल्या विंचुर्णी गावात राहत होता. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी. १९७१च्या युद्धात 'कामोर्ता' या युद्धनौकेचे ते कप्तान होते, त्याबद्दल त्यांना वीरचक्र मिळालं. पश्चिम नौदल विभागाचे प्रमुख म्हणून १९८३ साली निवृत्त झाले आणि विंचुर्णीला येऊन राहिले. फलटण तालुका म्हणजे पावसाची कायम ओढ. तिथं बसून हा माणूस दक्षिण महासागराचा विचार करत होता! मला ही गोष्ट फार आवडते.

त्यांच्या कल्पनेला २००६ साली कमांडर दिलीप दोंदे यांच्या रूपानं नाविक मिळाला. बोट मात्र नव्हती. ती बांधली गोव्यात, दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात. आराखडा हॉलंडच्या व्हॅन दे श्टाट या कंपनीचा, लांबी ५६ फूट. दांडेकरांनी तोवर फायबरग्लासच्या बोटी केल्या होत्या, पण महासागर ओलांडणारी शिडाची बोट कधी बांधली नव्हती. दोंदे स्वतः कारखान्यात येऊन कामाला लागले. २००९च्या फेब्रुवारीत ती नौदलात आली. नाव 'म्हादेई'. मांडवी नदीला वरच्या अंगाला म्हादेई म्हणतात. ऑगस्ट २००९मध्ये दोंदे मुंबईहून निघाले, चार बंदरांत थांबत मे २०१०मध्ये परतले. त्यानंतर त्याच बोटीतून अभिलाष टॉमी कुठंही न थांबता गेले, नोव्हेंबर २०१२ ते मार्च २०१३. पुढं तशाच 'तारिणी'तून नौदलाच्या सहा महिला अधिकारी जाऊन आल्या. हे वर्तमानपत्रांतून तुम्ही वाचलं आहे, म्हणून इथं थांबत नाही.

मला बोलायचंय ते बोट म्हणजे नेमकं काय, याबद्दल. ती कागदावर कशी ठरते, कशी बांधली जाते, आणि 'जुन्या वळणाची' बोट नव्यानं बांधतात तेव्हा त्यात जुनं काय असतं.

हल्ली जगात श्रीमंत लोक जुन्या वळणाच्या आलिशान शिडाच्या बोटी बांधून घेतात. यॉट म्हणतात त्याला. शब्द मूळ डच, शिकारीशी नातं सांगणारा. चाचे लोकांचा पाठलाग करणाऱ्या वेगवान नौकांना तो लावत. पुढं राजेरजवाड्यांच्या हौसेच्या नौकेला लागला. लांब निमुळतं नाक, पाण्यावर पुढं-मागं झुकलेली दोन्ही टोकं, सागवानी डेक, व्हार्निश मारून आरशासारखं केलेलं लाकूड. बघतच राहावं असं ते रूप असतं.

पण ती झुकलेली टोकं आली कुठून? बोटीचा जास्तीत जास्त वेग तिच्या पाण्याला टेकणाऱ्या लांबीवर अवलंबून असतो. ढोबळ सूत्र असं: फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ घ्या, त्याला १.३४नं गुणा, वेग नॉटमध्ये मिळतो. २५ फुटांना ६.७ नॉट, १०० फुटांना १३.४. म्हणजे लांबी चौपट केली तर वेग दुप्पट. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शर्यतींचे नियम असे होते की बोट शांत उभी असताना पाण्याला टेकलेली लांबी मोजायची आणि त्यावरून तिला सूट किंवा दंड द्यायचा. आराखडेवाल्यांनी काय केलं? टोकं पाण्याबाहेर लांबवली. मोजमापाच्या वेळी बोट आखूड, आणि वाऱ्यानं एका कुशीवर कलली की टोकं पाण्यात येतात आणि ती लांब होते! आज ज्याला आपण अभिजात सौंदर्य म्हणतो ते एका नियमाला दिलेल्या बगलेतून जन्मलं. करसल्लागार मंडळी इथं असतील, त्यांना गंमत वाटेल.

आता आजच्या आलिशान बोटीत पाण्याच्या वर जुनं रूप असतं आणि पाण्याखाली सगळं नवं. जुन्या बोटीचा कणा, कोकणात ज्याला पठाण म्हणतात तो, बोटीच्या जवळजवळ पूर्ण लांबीचा असे. त्यामुळं ती सरळ रेषेत चालायची, पण वळायला जड. नव्या बोटीला मधोमध माशाच्या पंखासारखं एकच खोल पातं असतं आणि त्याच्या टोकाला शिशाचा गोळा. चपळ. आतमध्ये मालकाला वातानुकूलन हवं, जनरेटर हवा, गोड्या पाण्याच्या टाक्या हव्यात, न्हाणीघरात संगमरवर हवा. आणि बोटीत वजन म्हणजे शाप, त्यातून वरच्या बाजूचं वजन तर फारच. म्हणून संगमरवराचा पापुद्रा कापतात आणि मधाच्या पोळ्यासारख्या हलक्या फळीवर चिकटवतात. दिसायला दगड, उचलायला पुठ्ठा. यात फसवणूक नाही, मालकाला माहीत असतं. पण 'अभिजात' शब्द इथं कातडीपुरताच राहतो, असं माझं मत.

वरच्या वजनाला शाप का म्हणालो, ते थोडं सांगायला हवं. आपल्याकडच्या माणसाला ते कळणं गरजेचंही आहे.

तंजावरची डोलणारी बाहुली तुम्ही पाहिली असेल. ढकलली तरी परत उभी राहते, कारण तळ जड आणि गोल. शिडाची बोट तशी असते. कण्याखाली लोखंड किंवा शिसं, त्यामुळं गुरुत्वमध्य खूप खाली. वाऱ्यानं ती कलली की बुडालेल्या बाजूला पाण्याचा वर ढकलणारा जोर वाढतो, दुसरीकडून खालचं वजन तिला खेचतं, आणि दोघं मिळून तिला सरळ करतात. जितकी जास्त कलेल तितका वजनाचा उपयोग जास्त. चांगली बोट पार आडवी झाली तरी उठते. उलट आपल्या नदीतली सपाट, रुंद होडी. सुरुवातीला ती बाहुलीपेक्षा स्थिर वाटते, चढताना हलतसुद्धा नाही. पण तिच्या तळाला वजन नाही. माणसं उभी राहिली की गुरुत्वमध्य वर जातो, सगळी एका अंगाला सरकली की काठ पाण्याला लागतो, आणि एका मर्यादेपलीकडं तिला परत आणणारं काही उरत नाही. एका क्षणात उलटते.

ऑगस्ट २०१९. पलूस तालुक्यातलं ब्रह्मनाळ. महापुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली. तिच्यात पेलवतील त्यापेक्षा जास्त माणसं होती. बायका होत्या, लेकरं होती. त्या आठवड्यात सांगलीत आमच्या घरातही पाणी होतं, आम्ही वरच्या मजल्यावर होतो, आणि आम्हालाही होडीनंच काढलं. चढताना मला ती होडी अगदी भक्कम वाटली होती, हे मला पुढं महिनोन्‌महिने आठवत राहिलं. भक्कम वाटणं आणि भक्कम असणं यातला फरक मी वर्गात तीस वर्षं शिकवला होता. होडीबद्दल मात्र मला तो माहीत नव्हता. तेव्हापासून बोटींबद्दल वाचायला लागलो. हा विषय मागून घेण्याचं कारण हे.

आता एका विशिष्ट बोटीकडं येतो. ती मुंबईत बांधली गेली, आणि मराठी माणसाला तिचं नाव फारसं ठाऊक नाही. 'सुहैली'.

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाचा तरुण इंग्रज ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवर अधिकारी होता. साठच्या दशकात त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी मुंबईत बोट बांधून घ्यायचं ठरवलं. इंग्लंडहून आराखडा मागवला, तर हवा होता तो आलाच नाही, दुसराच आला. वेळ नव्हता, म्हणून आला तोच घेतला. तो होता विल्यम अ‍ॅटकिन या अमेरिकन आराखडाकाराचा, 'एरिक' नावाचा, १९२०च्या दशकातला. ३२ फुटांची बोट. आणि अ‍ॅटकिननं तो घेतला होता नॉर्वेच्या कॉलिन आर्चर यांच्या बोटींवरून. आर्चर यांच्या बोटी कशासाठी होत्या? वादळात सापडलेल्या कोळ्यांना वाचवायला जाण्यासाठी. म्हणून दोन्ही टोकं निमुळती, कारण मागून चढून येणारी लाट टोकदार पाठीवर दुभंगते, सपाट पाठीवर आदळते. लांब, खोल पठाण. जड. सावकाश. ती देखणी दिसावी म्हणून कुणी रेघ मारलेली नव्हती.

१९६४च्या डिसेंबरात ती पाण्यात उतरली, पुढच्या वर्षी पूर्ण झाली. लाकूड सागवान. सांगली-साताऱ्याच्या वाड्यांची दारं, तुळया सागवानी असतात, वाळवी लागत नाही, हे आपल्याला माहीत आहे. बोटीत त्याचा आणखी एक गुण. ओकच्या लाकडात टॅनिक आम्ल असतं, ते लोखंडाचे खिळे खातं. सागात तेल असतं, लाकूड टिकतं आणि खिळाही तुलनेनं टिकतो. वाडिया घराण्याच्या सुतारांनी मुंबईच्या गोदीत सागवानी युद्धनौका बांधल्या, त्यातली १८१७ची 'त्रिंकोमाली' आज दोनशे वर्षांनंतरही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. 'सुहैली' त्याच परंपरेच्या शेवटच्या टोकाला. हत्यारं कोणती? वाकस, हातकरवत, आणि सामता, म्हणजे दोरीच्या धनुकलीनं फिरवायचा तो गिरमिटाचा प्रकार. आमच्या लहानपणी सुतार दारात बसून सामत्यानं भोकं पाडायचे, ते आठवतं मला. आधी पठाण, त्यावर फासळ्या उभ्या करायच्या, मग फळ्या एकीला एक टेकवून खिळ्यांनी ठोकायच्या, आणि फटींत कापूस ठासायचा. लाकूड पाण्यात फुगतं आणि फट आपोआप आवळते.

दिवाडीला 'म्हादेई' बांधली ती पद्धत वेगळी. देवदाराच्या जातीच्या परदेशी लाकडाच्या पट्ट्या रेझिननं एकमेकींना चिकटवायच्या, वर काचतंतूचं कापड. तिथं फट हा प्रकारच नाही. लाकूड आत बंद, त्याला पाणी कळतच नाही.

१४ जून १९६८ला नॉक्स-जॉन्स्टन इंग्लंडमधल्या फालमथहून 'सुहैली'तून एकटाच निघाला आणि २२ एप्रिल १९६९ला तिथंच परत आला. एकट्यानं, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस. वाटेत पठाणाजवळच्या फटीतून पाणी यायला लागलं. त्यानं भर समुद्रात बुडी मारून बाहेरून कापूस ठासला, वर तांब्याची पट्टी ठोकली. ऑस्ट्रेलियाच्या आसपास आपोआप सुकाणू धरणारं यंत्र मोडलं. तरी बोट शिडांच्या तोलावर सरळ चालत राहिली. तो लांब जुनाट पठाण तिथं कामी आला.

मंडळी, इथून माझा प्रांत सुरू होतो.

१९९७ साली 'सुहैली' ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात ठेवली. मोठा सन्मान. पण आतली हवा कोरडी. लाकूड सुकलं, फळ्या आक्रसल्या, फटी उघडल्या. नॉक्स-जॉन्स्टन यांनी २००२ साली तिला तिथून बाहेर काढलं. पुढं वय झाल्यावर तिचे लोखंडी खिळे गंजले, तर त्यांनी ते बदलले, त्यात स्वतः हातानं काम केलं, आणि २०१६मध्ये ती पुन्हा पाण्यात आली.

थीसियसच्या जहाजाचं कोडं आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. प्लुटार्क सांगतो, अथेन्सच्या लोकांनी ते जहाज जपलं, कुजलेली फळी काढून नवी बसवत गेले. सगळ्या फळ्या बदलल्या, मग जहाज तेच का? आमचे नैयायिक यावर फार कडक आहेत. त्यांचं उदाहरण कापडाचं. विट्याचे यंत्रमाग डोळ्यांपुढं आणा. धागे हे समवायी कारण. धाग्यांचा एकमेकांशी संयोग हे असमवायी कारण. विणकर आणि त्याचा धोटा हे निमित्त कारण. आणि न्याय-वैशेषिक म्हणतात, एक धागा काढला की जुनं कापड नष्ट झालं, उरलं ते नवं, 'खंडपट'. म्हणजे अथेन्सकरांनी पहिली फळी काढली त्याच दिवशी थीसियसचं जहाज संपलं.

'सुहैली'चं कोडं याच्या उलट आहे. इथं फळ्या त्याच, बदलला तो खिळा. खिळा म्हणजे काय? फळ्यांच्या संयोगाला धरून ठेवणारा. धागे तेच ठेवून वीण उसवली आणि पुन्हा घातली, असं हे झालं. नैयायिकाला विचाराल तर संयोग गेला की अवयवीही गेला. २०१६मध्ये पाण्यात उतरली ती दुसरी बोट. विद्यार्थिदशेत मला हे मत नुसता शब्दच्छल वाटायचं. आता वाटत नाही. खिळे गंजले तर सगळं सागवान जागेवर असूनही बोट तळाला जाईल, हे त्यांना गोदीत न जाताच कळलं होतं. मात्र पुढं मी त्यांच्याबरोबर जात नाही. कारण संग्रहालयातली पाच वर्षं पाहा. तिथं फळ्या त्याच, खिळे तेच, आराखडा तोच, एकही धागा हललेला नाही. आणि बोट मरत होती. पाण्यात ठेवली असती तर झिजली असती, पण झिजत झिजत बोट राहिली असती. लाकडाला फुगून फट आवळायला पाणी लागतं. म्हणजे तिचं बोटपण तिच्या अंगातच नव्हतं, ते तिच्या आणि पाण्याच्या मध्ये होतं.

आता तिसरी बोट, आणि ही पुन्हा दिवाडीची.

'सुहैली'च्या प्रदक्षिणेला ५० वर्षं होणार म्हणून २०१८ साली तीच शर्यत पुन्हा ठेवली. नियम असे की जुन्या आराखड्याच्या, लांब पठाणाच्या बोटी, आणि उपग्रहावरून दिशा दाखवणारी यंत्रं वापरायची नाहीत. कागदी नकाशे, सूर्य, तारे. अभिलाष टॉमी यांच्यासाठी दांडेकरांनी अ‍ॅटकिनच्या त्याच रेघांवरून 'सुहैली'ची प्रतिकृती बांधली. २०१७मध्ये पाण्यात आली. नाव 'थुरिया'. इंग्रजी स्पेलिंगमुळं आपण चकतो. मूळ शब्द तुरीय. मांडूक्य उपनिषदातली चौथी अवस्था. जागृती, स्वप्न, सुषुप्ती यांच्या पलीकडची. बोटीला हे नाव ठेवलेलं वाचून मी खुर्चीतून उठलोच!

इथं फळ्या वेगळ्या, खिळे वेगळे, सुतार वेगळे. सारखी ती फक्त आकृती. मघाच्या आलिशान नौकेत वरचं रूप उचललं होतं, इथं पाण्याखालचा आकार उचलला. मला हा फरक मोठा वाटतो. पठाण खोटा करता येत नाही.

पण मग २१ सप्टेंबर २०१८. दक्षिण हिंदी महासागरात वादळ. टॉमी तेव्हा तिसऱ्या क्रमांकावर होते. लाटांनी बोट उलटवली, डोलकाठ्या मोडल्या, त्यांच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली. चालता येईना, संदेश कसेबसे पाठवले. पण बोट उलटून पुन्हा सरळ झाली होती आणि तरंगत होती. तीन दिवस ते तिच्यात पडून होते. २४ तारखेला 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजानं त्यांना उचललं आणि अ‍ॅम्स्टरडॅम बेटावर नेलं. तिथून आपल्या नौदलाची 'सातपुडा' त्यांना घेऊन आली. बोट मागंच सोडावी लागली.

'जुन्या आराखड्याचा हट्ट कशाला, यानं माणूस मरता मरता वाचला,' असं तेव्हा काहींनी लिहिलं. त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. कुठल्याही आराखड्याची ३२ फुटांची बोट तसल्या लाटेपुढं लहानच. पण जिच्यात माणूस तीन दिवस हलू न शकता पडला आणि जिवंत राहिला, ती बोट कोळ्यांना वाचवायला जाणाऱ्या बोटीची नात होती. आर्चर यांच्या हेतूमधलं काहीतरी नॉर्वेहून अमेरिकेत, तिथून मुंबईत आणि दिवाडीला, चार पिढ्यांच्या कागदांतून उतरत आलं होतं. नैयायिकांच्या तीन कारणांत हे कुठं बसवायचं, ते मला अजून नीट जमलेलं नाही. अ‍ॅरिस्टॉटल प्रयोजनाला स्वतंत्र कारण मानतो, तिथं ते सोपं जातं. आमच्याकडं निमित्त कारणाच्या पोटात कोंबावं लागतं.

टॉमी पुन्हा चालायला लागले, २०२२ साली सुरू झालेल्या त्याच शर्यतीत वेगळ्या बोटीतून उतरले आणि दुसरे आले. आवटी यांना ते पाहता आलं नाही. 'थुरिया' समुद्रात सोडून दिल्यानंतर दीड महिन्यानं, ४ नोव्हेंबर २०१८ला, ते विंचुर्णीत गेले. ९१ वर्षांचे होते.

इतकंच. मागं बसलेल्या ताईंनी मघापासून हात वर केलाय. विचारा ना. "सर, पुराच्या होडीत बसायची वेळ आली तर काय करायचं?" चांगला प्रश्न, ह्यानंच सुरुवात करू. पहिलं म्हणजे जॅकेट मागा, लाजू नका. होडीत शिरल्यावर उभं राहायचं नाही, तळाशी बसायचं, म्हणजे तुमचंच वजन खाली जातं. मध्ये बसायचं, मूल मांडीवर घ्यायचं. दुसरी बाजू रिकामी दिसली तरी नावाड्यानं सांगितल्याशिवाय जागा बदलायची नाही. आणि होडी भरलेली दिसली तर पुढच्या खेपेला थांबायचं. पाणी चढत असताना ते किती अवघड असतं, हे मला माहीत आहे. तरी थांबायचं. हं, पुढचा प्रश्न?